धुणाऱ्यांची विहीर

ताश्कंदच्या जुन्या शहरात आमच्या हातचा नान कुणी खात नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "अगं बाई, खरंच?" म्हणून गालावर बोटं ठेवायला नको. आम्ही मयत धुणारे. घरात माणूस मेलं की आम्हाला बोलवायचं, धुवून झालं की मेलेल्याचे कपडे आमच्याकडे फेकायचे, आणि आम्ही गल्लीच्या टोकाला वळलो की आमच्या पावलांवर पाणी मारायचं. सोयरीक आमची आमच्यातच. मशिदीत आमचे पुरुष शेवटच्या रांगेत, जोड्यांजवळ.

माझ्या आजीची थोरली बहीण रिसोलत. अक्तूत मोहल्ल्यातल्या बायकांची मयतं ती धुवायची, पुरुषांची तिचा भाऊ होल्मत. तीस वर्षांत तिने त्या मोहल्ल्यातल्या किती बायकांची अंगं पाहिली असतील! कुणाच्या पाठीवर चाबकाचे वळ, कुणाच्या पोटावर डागण्या, सगळं तिला ठाऊक. एक शब्द कधी बाहेर काढला नाही. तिला मात्र नावाने हाक मारायचं कुणाच्या जिभेला जमलं नाही. "ए धुणारे!" एवढंच.

एकटी मोहलर तिला आपा म्हणायची. ही मोहलर म्हणजे मीरसलीम अक्सकालची सून. अक्सकाल म्हणजे मोहल्ल्याचा पांढऱ्या दाढीचा कारभारी. लग्न त्याला विचारून, भांडण त्याच्या ओट्यावर, रशियन सरकारचा हुकूमही त्याच्याच तोंडून. त्याच्या घरची सून एकदा भिंतीवरून वाकली आणि ओंजळभर तुती तिने रिसोलतच्या हातात दिली. जमिनीवर ठेवली नाही, हातात दिली. ते पाहून रिसोलतच घाबरली.

"अगं, कुणी बघेल ना!"

"बघू दे. तुती खाल्ल्यावर बोटं काळी होतात, तुमची आणि माझी सारखीच," असं म्हणून ती खुदकन हसली. सोळा-सतरा वर्षांची पोर. ही गोष्ट अठराशे ब्याण्णवच्या उन्हाळ्यातली. त्या वेळी मोहलरला आठवा महिना होता.

तेव्हाच पटकी आली. इराणातून आली, नव्या आगगाडीत बसून समरकंदपर्यंत आली आणि तिथून पुढे घोड्याच्या गाडीने ताश्कंदला पोहोचली. सकाळी धडधाकट माणूस दुपारी निळा पडायचा. रशियनांनी हुकूम काढला: जुनी कबरस्तानं बंद, मयत आधी डॉक्टरला दाखवायचं, बाईचं असलं तरी. परक्या पुरुषाने मेलेल्या बाईची चादर उचलायची! मोहल्ला हादरला. मग काय, लोक मयतं लपवायला लागले. रडणं बंद, दारावर माणसं जमणं बंद. पहाटे परड्याच्या दाराने रिसोलतला आत घ्यायचं, ती धुणार, आणि उजाडायच्या आत माती.

आता इथे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. मयत धुतलेल्या पाण्यावर कुणाचा पाय पडता कामा नये, असा आमचा नियम. त्यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्यात ते मुरवायचं. पण रशियन शिपाई घरोघर फिरून नेमका तोच खड्डा शोधायला लागले. ताजी माती दिसली की समजायचं, इथे कुणी मेलंय. मग खड्डा खणता येईना आणि पाणी अंगणात सांडता येईना. राहिला पाट.

अक्तूतचा पाट घराघरातून जायचा. एका अंगणाच्या भिंतीखालच्या भोकातून निघायचा तो शेजारच्या अंगणात. अकरा घरं त्यावर. पिणं, शिजवणं, भांडी, सगळं त्याच्यावर. वाहतं पाणी विटाळत नाही, अशी साऱ्यांची खात्री, मुल्लापासून मोळीविक्यापर्यंत. रिसोलतचीही. तिने धुतलेलं पाणी पाटात सोडलं. कुणाचा पाय पडला नाही, शिपायाला खड्डा सापडला नाही. आपण मेलेलीचा मान राखला, असंच तिला वाटलं.

आमचं घर त्या पाटावर नव्हतं. आमची घागर त्यात बुडालेली चालत नव्हती ना! बाजूच्या चढावर आमच्या पणज्याने अठरा हात खोल विहीर खणली होती, तिच्यावर आमचं चालायचं.

सातव्या घरी, म्हणजे भटारखाना चालवणाऱ्या रहिमबेर्दीकडे, त्याची बायको गेली तेव्हाची गोष्ट. रिसोलतने आडपडदा लावून तिला धुतलं, साबणाचं पाणी पाटात सोडलं आणि कंबर सरळ करायला म्हणून ती भिंतीशी टेकली. भिंतीखालच्या भोकातून पांढरा फेस पलीकडे चालला होता. पलीकडे, अक्सकालच्या अंगणात, कुणीतरी गुणगुणत होतं. मग भोकातून तिला एक हात दिसला, पोवळ्याची माळ मनगटाला गुंडाळलेला. त्या हाताने फेस बाजूला सारला आणि घागर बुडवली. गुड गुड गुड.

"मोहलर! ओत ते! आधी ओतून दे!"

"कोण, आपा? अहो, वाहतं पाणी आहे. फेस काय, गेला की पुढे."

रिसोलतच्या डोळ्यांपुढे घरं सरकायला लागली. पहिलं मयत तिसऱ्या घरी, रंगाऱ्याकडे. मग चौथ्या घरी दोन. मग पाचवं, सहावं, आणि आता सातवं. भिंतीमागून भिंत, पाटाच्या वाटेने. पहिल्या आणि दुसऱ्या घरात, जी वरच्या अंगाला आहेत, तिथे कुणाला साधी ओकारीही नाही. आणि आमच्या घरात नाही. ही गोष्ट दुसऱ्या कुणाला दिसलीच नसती, कारण प्रत्येक घर मेलेलं माणूस लपवत होतं. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा पत्ता नव्हता. साऱ्या घरांत फिरणारी एकच बाई होती, आणि पाणी सोडणारीही तीच.

घरी येऊन तिने भावाला सांगितलं. होल्मत तसा भला, पण भित्रा.

"गप बस," तो म्हणाला. "आधीच बाजारात काय बोलतात ठाऊक आहे? धुणाऱ्यांना डॉक्टरने विषाच्या पुड्या दिल्यात म्हणे, पाण्यात टाकायला. नाहीतर हेच कसे जगले? आणि तू जाऊन सांगणार, पाण्यानेच मेले, पाणी मीच सोडलं? जिवंत सोलतील आपल्याला."

"आणि मोहलर?"

"तुझी कोण लागते ती?"

"कुणी नाही," रिसोलत म्हणाली. "म्हणून गप बसू?"

त्याच आठवड्यात जुन्या शहरातले पुरुष रशियन हाकिमाला जाब विचारायला निघाले. मारामारी झाली, गोळ्या चालल्या, पळताना कितीतरी माणसं अंखोर कालव्यात बुडाली. आमच्या मोहल्ल्यातले दोघे परत आले नाहीत. ती हकीकत पुष्कळांनी लिहिलीय, मी लिहीत बसत नाही. मेलेल्यांबद्दल मला आदर आहे. पण त्या हजारो माणसांत पाण्याबद्दल बोलणारा एकही नव्हता, हे आठवलं की माझं डोकं आजही भणभणतं.

गोळ्या चालल्याच्या तिसऱ्या दिवशी आठव्या घरी मयत झालं. अक्सकालची म्हातारी आई गेली. पहाटे त्यांचा गडी आमच्या दारात आला. "ए धुणारे, चल लवकर."

"येत नाही म्हणून सांग," रिसोलत म्हणाली.

गड्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं, परत तेच उत्तर. तो पळत गेला. असं आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. होल्मतने तर डोकं धरलं. मोहल्ल्यात उपाशी माणूस चालतो, मार खाल्लेला चालतो, पण न धुतलेलं मयत? ते दफनच करता येत नाही. आणि जूनचं ऊन. नऊ वाजेपर्यंत माशा घोंगावायला लागलेल्या. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या धुणाऱ्यांकडे माणूस पाठवावा, तर त्यांना आपल्याच मयतांतून उसंत नाही.

शेवटी मीरसलीम अक्सकाल स्वतः आला. आमच्या उंबऱ्याच्या चार पावलं अलीकडे थांबला, आतल्या हवेचासुद्धा विटाळ होणार नाही अशा अंतरावर.

"काय ऐकतोय मी? माज चढला का?"

"माज कसला, अक्सकाल. एक अट आहे."

"अट! मयताला अट घालतेस? पैसे जास्त हवेत?"

"वरच्या टोकाची पाटाची फळी पाडा. पाणी बंद करा. तुमच्या घरातलं, खालच्या तिन्ही घरांतलं, भरलेलं सगळं ओतून द्या. मग मी येते."

"आणि लोकांनी प्यायचं काय? तुझं रक्त?"

"आमच्या विहिरीचं पाणी."

अक्सकाल आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाहीये. त्याचा चेहरा असा झाला, म्हणे, जणू कुणी भर बाजारात त्याचा फेटा काढून घेतला. "तुमच्या विहिरीचं? ज्या हातांनी तुम्ही मुडदे…"

"त्याच हातांनी तुमच्या आईला धुवायचंय ना? मग ते हात चालतील."

गल्लीत माणसं जमली होती. कुणीतरी ओरडलं, "हिला चाबकाने फोडा!" रिसोलतने मग सगळं सांगून टाकलं, घर सोडून घर, मयत सोडून मयत. आडपडदा नाही ठेवला. साबणाचा फेस, भिंतीचं भोक, घागर. जी घरं एकमेकांपासून मयतं लपवत होती, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांची मयतं मोजली.

"म्हणजे तूच मारलंस!" अक्सकालचा आवाज चिरकला.

"मी ओतलं, तुम्ही प्यायलात. दोघांनाही ठाऊक नव्हतं. आता दोघांनाही ठाऊक आहे. आता जो पिईल आणि पाजील, तो मारेल."

मी हे कबूल करत नाही, हे इथे लिहून ठेवते. पटकी झालेल्या माणसांची गोधडी प्रत्येक घराने त्याच पाटात धुतली होती. सगळं पाप एकटीने डोक्यावर घ्यायचं काही कारण नव्हतं. पण तिने घेतलं, आणि घेतलं म्हणूनच लोकांनी ऐकून तरी घेतलं.

दुपारच्या नमाजाच्या आत फळी पडली. अक्सकालला मरणाची भीती वाटली म्हणून नव्हे, आईची विटंबना होईल म्हणून. रिसोलतने विहिरीचं पाणी नेऊन म्हातारीला धुतलं, आणि शिपाई आला तर येऊ दे म्हणून कंबरभर खड्डा खणून ते त्यात मुरवलं. संध्याकाळपर्यंत मात्र आमच्या विहिरीवर कुणी फिरकलं नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन नुसत्या दारात उभ्या. मग मोहलर आली. चेहऱ्यावर काळी जाळी, पोट पुढे, घागर कमरेवर. तिने घागर भरली, जाळी वर केली आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली.

"थंड आहे," ती बायकांना म्हणाली. "आपल्या पाटापेक्षा थंड आहे."

मग एकेक करत सगळ्या आल्या. नवव्या घरात एक जण आधीच आजारी होता, तो गेला. त्यानंतर अक्तूतमध्ये त्या उन्हाळ्यात पटकीने कुणी मेलं नाही. मोहलरला मुलगी झाली.

मी अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून, पुड्यांच्या कागदांवरून. पुष्कळ वर्षांनी रोगांवरचं एक फाटकं पुस्तक माझ्या हाती लागलं. त्यात होतं की त्याच वर्षी, आमच्यानंतर दोनच महिन्यांनी, हीच पटकी व्होल्गा नदीकाठची गावं खात जर्मनांच्या हॅम्बुर्ग शहरात पोहोचली. तिथे हजारो माणसं मेली. एका रस्त्याच्या एका बाजूला नदीचं तसंच पाणी पिणारी घरं, दुसऱ्या बाजूला वाळूतून गाळलेलं पाणी पिणारी. अलीकडचे मेले, पलीकडचे जगले. मोठमोठे पंडित तो रस्ता बघायला गेले, नकाशे काढले. मी पुस्तक मिटलं. आमच्या रिसोलतने तो रस्ता जूनमध्येच पाहिला होता, भिंतीखालच्या भोकातून. तिचा नकाशा कोण काढणार? राहू दे. माझा राग निघायला लागला तर गोष्ट राहील.

ऑगस्टमध्ये एक इशान, म्हणजे पीर हो, मोहल्ल्यात पाहुणा आला. त्याने आमच्या विहिरीवर दुआ म्हटली, पाण्यात फुंकर मारली आणि सांगितलं, हे पाणी शिफा आहे, औषध आहे, अवलियाच्या कृपेने फुटलेलं आहे. आमच्या पणज्याच्या कुदळीने नव्हे बरं का, अवलियाच्या कृपेने! चार दिवसांत विहिरीभोवती कुंपण झालं. आणि निरोप आला. निरोप घेऊन पाठवलं कुणाला? मोहलरला. तान्ही पोर खांद्यावर, मान खाली.

"आपा… मामंजी म्हणतात, जागा आता पाक झालीय. तर तुम्ही लोकांनी… पाणी पाटाचं घ्यावं. पाट उघडणार आहेत, फक्त तुमच्यासाठी म्हणून."

भाऊ, भावजय, माझी आजी, सगळे रिसोलतकडे बघतायत आणि ती मोहलरकडे. चाबूक मारला असता तर तिला नवल वाटलं नसतं. पण हे? आमचीच विहीर, तिने जगवलेली माणसं, आणि आमच्या वाट्याला पटकीचा पाट!

"तुला काय वाटतं?" एवढंच तिने विचारलं.

मोहलर रडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रिसोलत बादली घेऊन विहिरीकडे निघाली. कुंपणाचं दार लोटलं, आत गेली. गलका झाला. अक्सकाल ओरडला, "धरा तिला!"

कुणी धरेना. धरायचं म्हणजे हात लावायचा. "तू धर." "मी का? तुझं घर जवळ आहे, लगेच आंघोळ करशील." "अरे, माझी नमाजाची वेळ झालीय!" असे सगळे एकमेकांना पुढे ढकलतायत, आणि तिने सावकाश बादली सोडली, ओढली, तिथेच बसून पाणी प्यायली, तोंड धुतलं आणि बादली भरून घरी आली. माझी आजी सांगायची, त्या दिवशी आमच्या घरात सगळे इतके हसले की होल्मतला उचकी लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहीर नव्हती.

दगड, माती, फुटक्या विटा, मेलेलं एक गाढवसुद्धा. सगळ्या मोहल्ल्याने मिळून बुजवली होती. आमच्या हाताने बाटलेली विहीर ठेवण्यापेक्षा नसलेली बरी. आणि पाटाची फळी वर केलेली, खळखळ पाणी चाललेलं, बाया घागरी भरतायत. त्याच पाटाने आठ माणसं नेली होती, त्यांच्या कबरींवरची मातीसुद्धा अजून बसली नव्हती! मी पुष्कळ दुष्टपणा पाहिलाय, रशियनांचा पाहिला, बेग सरदारांचा पाहिला. पण स्वतःच्या पोरांना विष पाजून दुसऱ्याला हलकं ठेवायचं, हे कसलं वेड?

रिसोलतने शिव्या दिल्या नाहीत. तिने अंगणाच्या मधोमध पायाने गोल आखला आणि होल्मतच्या हातात कुदळ दिली. तो खणायला लागला. दुपारपर्यंत गुडघाभर झालं.

तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. मोहलर. कमरेवर रिकामी घागर, खांद्यावर पोर.

"आपा, पोरीला काय पाजू?" तिने विचारलं. "हिला दूध पुरत नाही. पाटाचं पाणी माझ्याने घशाखाली उतरत नाही, आणि घरात कुणी ऐकत नाही."

"माझ्याकडे कुठलं पाणी? बघतेस ना. बुजवायला तुझ्याही घरचे होते."

"होते."

"मग?"

मोहलर उंबरा ओलांडून आत आली. आमच्या ओट्यावर, आमच्या गोधडीवर, कुणा मेलेल्या बाईच्या अंगावरून आलेल्या गोधडीवर, तिने पोरीला निजवलं. अंगभर पांघरलेली परंजी काढून खुंटीला लावली. बाह्या वर सारल्या. होल्मत बिचारा लाजेने पाठ फिरवून परड्यात पळाला. तिने त्याची कुदळ उचलली आणि रिसोलतच्या शेजारी खड्ड्यात उतरली.

बातमी गल्लीभर व्हायला किती वेळ लागतो? घरांच्या धाब्यांवर बाया चढल्या. कुणी तोंडावर ओढणी दाबली, कुणी अल्लाचं नाव घेतलं. अक्सकालची सून धुणाऱ्यांच्या अंगणात उघड्या डोक्याने माती उपसतेय! मीरसलीम अक्सकाल धावत आला आणि उंबऱ्याच्या चार पावलं अलीकडे खिळून उभा राहिला. आत जायची सोय नव्हती.

"बाहेर ये!" तो ओरडला. "ऐकलंस का? आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

ज्या सासऱ्यासमोर दोन वर्षांत तिने आवाज काढला नव्हता, त्याच्याकडे मोहलरने खड्ड्यातून वर पाहिलं. कपाळाला माती, श्वास लागलेला.

"पाणी लागलं की येते," ती म्हणाली, आणि कुदळ मारली.